आरोग्य आपल्या हाती : गुळवेल ओळखा, मगच काढा



पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गुळवेलीचा विषय हमखास असतो. त्यांतले एक पत्र यावेळी बाजूला काढून ठेवले, कारण त्याचे उत्तर सर्वांत आधी देणे भाग आहे. कामगार वस्तीत राहणाऱ्या एक ताई लिहितात, "माझ्या मिस्टरांना टीबी झाला आहे. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या सुरू होऊन दुसरा महिना चालू आहे. अंगात अशक्तपणा फार. सासूबाईंनी गावाकडून गुळवेलीची मोळी पाठवली आहे, डोंगरातून आणलेली. रोज सकाळी अनशापोटी काढा द्या म्हणतात. देऊ का? आणि ही गुळवेलच आहे, हे ओळखायचे कसे?"

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात : नको. टीबीच्या सुरुवातीच्या महिन्यांत ज्या गोळ्या देतात त्यांतली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृतावर म्हणजे लिव्हरवर ताण आणू शकतात. बहुतेकांना ती सोसतात, काहींना सोसत नाहीत. म्हणूनच भूक गेली का, उलट्या होतात का, डोळे पिवळे दिसतात का, असे दवाखान्यातली सिस्टर दर खेपेला विचारते. गुळवेलीनेही काही माणसांच्या लिव्हरला सूज आल्याचे गेल्या काही वर्षांत डॉक्टरांनी नोंदवले आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. आता समजा, दोन्ही एकत्र चालू आहेत आणि मिस्टरांना कावीळ झाली. दोष गोळ्यांचा की काढ्याचा, हे कोण सांगणार? डॉक्टरांना टीबीच्या गोळ्या थांबवाव्या लागतील. टीबीची गोळी मध्येच तुटली की जंतू त्या गोळीला दाद देईनासे होण्याची भीती असते, आणि मग उपचार लांबतो तो लांबतोच.

मिस्टरांच्या अशक्तपणावर खरे औषध म्हणजे गोळ्या न चुकवणे आणि पोटभर चौरस खाणे. डाळ, अंडी, शेंगदाणे, चणे, जमेल तेव्हा मासळी. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून बँकखात्यात पैसे मिळतात. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ही रक्कम महिन्याला ५०० रुपयांवरून १००० रुपये झाली आहे. खात्यात जमा होत नसतील तर दवाखान्यात तोंड उघडून विचारा, संकोच करू नका. राहता राहिली सासूबाईंची मोळी. ती फेकून त्यांचे मन मोडू नका. गुळवेल सहजासहजी मरत नाही, दोन कांड्या मातीत खोचा आणि त्यांना कळवा की तुमची वेल दारात लावली आहे.

आता दुसरा प्रश्न, तो सर्वांच्याच उपयोगाचा आहे. गुळवेल ओळखायची कशी?

नावात गूळ आहे, पण चवीला वेल कडू. संस्कृतात गुडूची, हिंदीत गिलोय. अमृतवेल म्हणूनही तिला कोणी कोणी ओळखतात. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. यातल्या 'कॉर्डिफोलिया'चा अर्थ हृदयाच्या आकाराच्या पानांची. पण घोटाळा इथेच सुरू होतो. "बदामाच्या आकाराचे पान दिसले की गुळवेल," असे लोक छातीठोकपणे सांगतात. आपल्या रानात बदामी पानांच्या वेली डझनभर आहेत. नुसत्या पानावर जो विसंबला तो फसला. गुळवेल ओळखायची ती खोडावरून.

अंगठ्याएवढ्या जाडीची जुनी वेल हातात घ्या. तिच्यावर कांद्याच्या सालीसारखा पातळ, राखाडी किंवा मळकट पिवळसर पापुद्रा असतो. नखाने खरवडला की तो कागदासारखा सुटून येतो आणि खाली हिरवागार थर दिसतो. पापुद्र्यावर बारीक बारीक पुटकुळ्यांसारखे ठिपके असतात. ही झाली पहिली खूण. दुसरी खूण त्याहून पक्की. धारदार सुरीने वेल आडवी कापा आणि कापलेला तोंडवळा उजेडात धरा. बैलगाडीच्या चाकासारखी नक्षी दिसेल, मध्यातून कडेकडे जाणाऱ्या आऱ्यांची. जुन्या वैद्यांनी तिला 'चक्रलक्षणा' असे नाव दिले ते यावरूनच. अशोकचक्रात आरे चोवीस, हिच्यात तितकेच मोजून भरतील असे नाही, पण चक्र मात्र नजरेत भरते. कापल्यावर थोडा बुळबुळीत ओलावा सुटतो. पांढरा दुधाळ चीक येत नाही. चीक आला तर ती वेल तिथेच टाका आणि हात धुवा.

तिसरी खूण मुलांना दाखवण्याजोगी आहे. गुळवेल झाडावर उंच गेली की वरच्या फांद्यांतून सुतळीसारखी, कधी दोऱ्यासारखी बारीक मुळे खाली सोडते. ती हवेत लोंबत लोंबत जमिनीपर्यंत येतात. कोणी खालची वेल कापली तरी वरचा तुकडा मरत नाही. तो अशी मुळे खाली सोडून पुन्हा मातीला लागतो. 'छिन्नरुहा', म्हणजे तोडली तरी उगवणारी, हे तिचे दुसरे जुने नाव. काहींना वाटते की ही वेल बांडगुळासारखी झाडाचा रस शोषते. तसे नाही. झाडाचा तिला फक्त आधार, अन्नपाणी ती आपल्या मुळांनी मातीतून घेते. आणि म्हणूनच "कडुनिंबावरची गुळवेल" म्हणून दुप्पट भाव सांगणाऱ्याकडे जरा सावधपणे पाहावे. जुन्या लोकांचा तसा विश्वास आहे, मी त्यांच्याशी भांडत नाही. परंतु बाजारात सुकवून ठेवलेला तुकडा निंबावरचा की बाभळीवरचा, हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

पानाचीही खूण आहे, मात्र ती शेवटी पाहायची. पान गुळगुळीत, पातळ, दोन्ही अंगांनी बिनलवेचे, एकाआड एक आलेले. देठ लांब, आणि देठाच्या दोन्ही टोकांना किंचित फुगवटा. उन्हाळ्यात बरीच पाने गळतात आणि त्याच सुमारास हिरवट-पिवळी बारीक फुले येतात. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. थंडीत मादी वेलीवर वाटाण्याएवढी लालचुटुक फळे झुबक्याने दिसतात. लाल दिसतात म्हणून पोरे तोंडात घालू पाहतात, तेवढे जपा. औषधाला फळ नाही, खोड वापरतात.

आता तोतये. हा भाग जरा लांबणार आहे, पण वाचा.

गुळवेलीची एक बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. ती ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियात होते. पण रोपवाटिकांतून, सोसायटीच्या कुंड्यांतून ती गिलोय म्हणून आपल्याकडेही पोचते. हिचे खोड गाठीगाठींचे, बोट फिरवले की ठळक उंचवटे लागतात, आणि कापले तर दुधाळ रस निघतो. फळे लाल गोल नसून लांबट, नारिंगीकडे झुकणारी. या बहिणीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी परदेशातून आधीपासूनच आहेत. गुळवेलीऐवजी ही वापरू नका, असे केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयानेही सांगितले आहे. दुसरी बहीण टिनोस्पोरा सायनेन्सिस, ती आपल्या रानातही सापडते. तिच्या पानाच्या पाठीवर मऊ लव असते. पान उलटे करून गालाला लावले की कळते.

सर्वांत घातक गल्लत होते ती काकमारीशी. ही गुळवेलीच्याच कुळातली, सह्याद्रीच्या ओल्या रानातली मोठी वेल. पान बदामीच, पण पुष्कळ मोठे आणि चामड्यासारखे जाड. पानाच्या पाठीवर, शिरा जिथे फुटतात तिथे केसांचे बारीक झुबके असतात. जुन्या वेलीची साल बुचासारखी जाड, भेगाळलेली, तिचा पापुद्रा सुटत नाही. फुले-फळे लांब लोंबत्या घोसांनी येतात. फळात पिक्रोटॉक्सिन नावाचे विष असते. नदीच्या डोहात मासे गुंगवायला काकमारीची फळे टाकत, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. ज्याने मासा उलटा होतो त्याने माणसाला झटके येतात. 'बदामी पान' एवढ्यावर थांबणाऱ्यांसाठी ही एकच वेल पुरेशी आहे.

याशिवाय कारांद्याची वेल. तिच्या पानाच्या बेचक्यात बटाट्यासारखी गोटी लटकते आणि पानावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या ठसठशीत शिरा असतात. समुद्रशोकाचे पान थाळीएवढे, पाठीवर पांढरी रेशमी लव, तोडले की चीक. पहाडवेलीच्या पानाचा देठ बहुधा कडेला न जुळता पानाच्या पाठीवर, थोडा आत जुळलेला असतो, छत्रीच्या दांडीसारखा. या तिघींच्याही खोडावर कागदी पापुद्रा आणि आत आऱ्यांचे चक्र अशा दोन्ही खुणा एकदम जुळत नाहीत. दोन्ही खुणा जुळल्या, लव नाही, चीक नाही, ठळक गाठी नाहीत, तरच पुढे जा. आणि पहिल्या वेळेला सोबत जाणते माणूस हवेच. गावातली सुईण, रानात वावरणारी आदिवासी मावशी, वनस्पतिशास्त्र शिकवणारे कॉलेजचे सर, कोणीही. पुस्तकातले चित्र किंवा मोबाईलवरचा फोटो यांनी खोडाचा पापुद्रा हाताला लागत नाही.

विनयपिटकात जीवकाची गोष्ट आहे, आपल्यापैकी अनेकांना ती ठाऊक असेल. तक्षशिलेच्या गुरूंनी त्याला सांगितले, एक योजन परिसरात फिर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक हात हलवत परत आला, औषधी नसलेली एकही सापडली नाही म्हणाला. ही गोष्ट सांगून "झाडपाला सगळा गुणकारी, अपाय कसला" असे म्हणणारे मला भेटतात. त्यांनी एक विसरू नये. त्याआधी जीवक तिथे सात वर्षे शिकत होता, आणि परीक्षा ओळखण्याचीच होती.

वेल कुठे आणि कधी काढावी? गुळवेल दुर्मीळ नाही. पानझडीच्या रानात, शेताच्या बांधावर, कुंपणावर, ओढ्याकाठच्या झाडांवर ती सापडते. विदर्भात, नागपूर-अमरावतीकडे, संत्र्याच्या बागवाल्यांना मात्र ती डोळ्यांपुढे नको असते. फळातला रस शोषणारा एक पतंग आहे, त्याच्या अळ्या गुळवेलीसारख्या वेलींच्या पानांवर पोसतात. म्हणून बागेच्या आसपासच्या गुळवेली उपटून टाका, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. त्या भागातल्या वाचकांनी उपटलेली वेल फुकट मिळते म्हणून उचलू नये, आधी बागवाल्याला फवारणीचे विचारावे. शहरातल्यांसाठी याहून कडक नियम : रेल्वेच्या रुळाकडेची, गटाराकाठची, कचरा जाळतात तिथली किंवा कारखान्याच्या भिंतीवरची वेल औषधाला घेऊ नये. रुळाच्या कडेला तण मारायचे औषध मारतात, आणि जमिनीतले जड धातू काढ्यात उकळून नाहीसे होत नाहीत.

मुंबईकरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे नावाप्रमाणे राष्ट्रीय उद्यान आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथली वनस्पती तोडून नेता येत नाही, मग ती औषधासाठी का असेना. रविवारी सहल काढून पिशवी भरून आणण्याची ती जागा नव्हे. इतर जंगलांतही गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना दिला आहे. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी एकत्र येऊन गुळवेलीचा धंदा उभा केला. २०२१ साली त्यांना औषध कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची, म्हणजे सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाल्याचे सरकारने जाहीर केले होते. त्याआधी, २०२० च्या मे महिन्यात, केंद्राने गुळवेलीचा किमान आधारभाव किलोला २१ रुपयांवरून ४० रुपये केला. ज्या माणसांना हंगाम संपला की वीटभट्टीच्या उचलीवाचून दुसरा मार्ग नसतो, त्यांच्या हातात रानातल्या वेलीचे पैसे पडावेत याचा मला आनंद आहे. आपल्याला विकतच घ्यायची असेल तर अशा माणसांकडून घ्यावी. त्यांना वेल ओळखू येते, आणि भावासाठी घासाघीस करू नये.

काढणीची वेळ उन्हाळ्याची. पाने गळून वेल उघडी पडलेली असते, खोडात सत्त्व भरलेले असते आणि पाणी कमी असल्याने वाळवायला सोपे जाते. एप्रिल-मे उत्तम. पावसात काढलेली वेल सावलीत वाळता वाळता बुरशी धरते. बोटाएवढी किंवा त्याहून जाड, जुनी वेल घ्यावी. कोवळी हिरवी शेंडे-फांदी सोडून द्यावी. मूळ खणायचे नाही. जमिनीपासून हातभर वेल ठेवून वर काप द्यावा म्हणजे खालून पुन्हा फुटते. एका झाडावर चार वेली असतील तर दोनच घ्याव्यात. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, लोकांनी जुन्या जुन्या वेली मुळासकट ओरबाडल्या. गुळवेल चिवट असली तरी मुळासकट गेलेली वेल काही परत येत नाही.

आणल्यावर धुऊन, वरचा पापुद्रा खरवडून, करंगळीच्या पेराएवढे तुकडे करावेत आणि जाड असतील ते उभे चिरावेत. सावलीत, वाऱ्यावर, स्वच्छ कापडावर पसरावेत. तुकडा कडकन मोडला की वाळला. बरणीवर कागद चिकटवून नाव आणि महिना लिहावा. बिननावाची औषधाची बरणी म्हणजे घरातला आंधळा कोपरा.

काढ्याची रीत सोपी आहे. सुके तुकडे जाडसर कुटून चार पेले पाण्यात मंद आचेवर उकळावेत, एक पेला उरला की गाळावे. भुकटीचे प्रमाण आयुर्वेदाच्या सरकारी औषधीकोशात, म्हणजे फार्माकोपियात, दिवसाला ३ ते ६ ग्रॅम दिले आहे. हे प्रौढ, निरोगी माणसाचे, आणि तेही वैद्याला विचारून, थोड्या दिवसांपुरते. लहान मुलांना आपल्या मनाने देऊ नये. "जास्त घेतले तर लवकर गुण" हा हिशेब औषधात चालत नाही. महिनोन्‌महिने रोज सकाळी पेलाभर, हा तर अगदीच चुकीचा प्रकार आहे.

बाजारात 'गुळवेल सत्त्व' नावाची पांढरी भुकटी मिळते. ती कशी करतात ते कळले की तिच्या किमतीचेही कळेल. ताजी वेल सोलून ठेचायची, रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी चुरून गाळायची आणि पाणी स्थिर ठेवायचे. तळाला जो पांढरा साका बसतो तो निथळून वाळवला की सत्त्व तयार. किलोभर वेलीतून जेमतेम दोन-चार चमचे निघते. आता कोणी पसाभर सत्त्व चहाच्या भावात विकत असेल तर ते काय असेल? आरारूट आणि बटाट्याचे पीठ दिसायला तसेच पांढरे असते, नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. माझे मत विचाराल तर सुट्टे सत्त्व घेऊच नये.

गुळवेलीने होते काय? ताप, पित्त, संधिवात, मधुमेह, त्वचेचे विकार, सगळ्यांवर तिचे नाव घेतात. जुन्या वैद्यकात तिला मोठा मान आहे, आणि आधुनिक डॉक्टरांनीही तिच्यावर काम केले आहे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, झाडांवर गोड मराठीत लिहिणाऱ्या त्याच, आणि त्यांचे सहकारी गुळवेलीवर संशोधन करीत होते. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या उपचारात गुळवेलीचा उपयोग होतो का, याचा अभ्यास त्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला आणि निष्कर्ष आशादायक होते. पण ते रुग्णालयातले, मोजून मापून दिलेले, रोज तपासणीखालचे औषध होते. त्यावरून घरच्या पातेल्यातल्या काढ्याने कावीळ बरी होते, असे म्हणता येत नाही.

आणि याच मुंबईत उलटी बाजूही पुढे आली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात लिव्हरला सूज आलेले सहा रुग्ण डॉक्टरांना आढळले. सर्वांनी करोनाच्या भीतीने गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. वेल गुळवेलच होती की क्रिस्पा, हे डॉक्टरांनी तपासलेच नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे. हरकतीत तथ्य नव्हते असे नाही. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ रुग्णालयांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र आली. वेल सुरू केल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतचा काळ साधारण दीड महिना. अनेकांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्यासारखी लक्षणे होती. वाद पूर्ण मिटलेला नाही. लाखो लोकांनी घेतली, त्यांतल्या थोड्यांना बाधली, हेही खरे. पण आपल्या घरातला माणूस त्या थोड्यांत असेल की नाही, हे आधी कळायला मार्ग नाही. आणि प्रतिकारशक्ती 'वाढवणे' ही सगळ्यांसाठी चांगलीच गोष्ट असते, ही समजूतही यानिमित्ताने तपासून घ्यावी.

म्हणून कोणी दूर राहावे ते स्पष्ट लिहितो. लिव्हरचा आजार असलेले आणि दारू पिणारे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया. आमवात म्हणजे रुमेटॉइड, ल्युपस, थायरॉइडचा ऑटोइम्यून प्रकार असलेले. मूत्रपिंड बदललेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारे. टीबीच्या गोळ्या चालू असलेले, हे वर आलेच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर गुळवेलीने आणखी खाली जाऊ शकते. घाम सुटून, हातपाय थरथरून माणूस कामाच्या ठिकाणी कोसळतो, आणि यंत्रावर काम करणाऱ्याला ते परवडणारे नाही. वेल घेताना भूक मेली, मळमळू लागले, लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद करून सरकारी दवाखान्यात लिव्हरची रक्ततपासणी करावी. डॉक्टर रागावतील म्हणून काढा घेतल्याचे लपवू नये. उरलेला तुकडा सोबत न्यावा.

तापाबद्दल दोन शब्द. पावसाळ्यात ताप आला की आधी रक्त तपासा. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो यांत काढ्यावर घालवलेले तीन दिवस माणसाला महाग पडतात. गुडघाभर पाण्यातून कामावर गेलेल्या माणसाला ताप आणि पोटऱ्या दुखणे सुरू झाले तर लेप्टोचा संशय धरून लगेच दवाखाना गाठावा. घरात गुळवेल आहे म्हणून थांबू नये.

ज्यांना वेल घरी लावायची आहे त्यांनी पावसाच्या सुरुवातीला लावावी. बोटाच्या जाडीची, वीतभर लांब, दोन-तीन डोळे असलेली कांडी घ्यावी. कोणते टोक खाली होते ते कापतानाच खूण करून ठेवावे, उलटी लावू नये. चाळीच्या गॅलरीत जुनी प्लॅस्टिकची बादली चालते, मात्र बुडाला भोके हवीत. रंगाचा किंवा केमिकलचा डबा घेऊ नये. आधाराला दोरी बांधावी आणि पाणी बेताचे घालावे, चिखलात कांडी सडते. पहिले वर्षभर वेलीला हात लावू नये. दुसऱ्या उन्हाळ्यात खोड बोटाएवढे झाले आणि पापुद्रा सुटू लागला की मुलांना बोलावून एक तुकडा आडवा कापून चक्र दाखवावे.

पुढच्या आठवड्यात अडुळसा. वेल ओळखण्यासाठी पाने पाठवणाऱ्या वाचकांनी ती वहीत दाबून, वाळवून पाठवावीत आणि सोबत खोडाचा एक तुकडा ठेवावा. ओली पाने वाटेत सडतात.